घरची पेंड

"सोयाबीन आमी पिकवलं, मग पेंड कुनाची?"

कुपवाडच्या तेल कारखान्याच्या फाटकावर नाथाजीनं रिकामं पोतं झटकून पुढं धरलं. पहारेकरी सयाजी हसला. दोघंही फौजेतून पेन्शनीवर आलेले, दोघांच्याही डोक्यावर तीच हिरवी टोपी.

"गड्या, हितं ट्रकानं माल जातो. पोत्यानं न्हाई."

"रोख घे की! फुकट मागतोय व्हय?"

"आरं, बोटीवर चढायची हाय ही. परदेशात. तिकडं डुकरं पाळत्यात."

"डुकरं?"

"व्हय. गोरा सायब खातो डुक्कर, अन् डुक्कर खातं तुझं सोयाबीन."

नाथाजीचं डोकं सणकलं. भुईमूग पेरायचा तेव्हा उंब्रजच्या घाण्यावर शेंगदाणे न्यायचे. तेल डब्यात, पेंड पोत्यात, दोन्ही घरी. पेंड कुणाची, हे घाणेवाल्यानं बापजन्मात विचारलं नव्हतं. मग साहेब लोक आले. चावडीत व्हिडिओ लावून म्हणाले, सोयाबीन पेरा, जगाची भूक भागवा. भुईमूग गेला. ज्वारी गेली, तिच्यामागनं कडबा गेला. घाणा बंद पडला. जगाचं पोट भरलं असेल, नसेल. इथं नाथाजीची म्हैस सोयाबीनचं भुसकट हुंगून तोंड फिरवत होती.

रेडकू मेल्यापासून ती पुढ्यात पेंड असली तरच पान्हा सोडायची. पेंड संपली, तशी दूध चोरून उभी राहिली. आणि बाळंतीण सुनेला अंगावर दूध नाही. नात त्याच म्हशीवर जगत होती.

फाटकातून ट्रक निघाला. एक पोतं उसवलेलं. पिवळी पेंड धुळीत सांडत गेली. नाथाजी उकिडवा बसला, टोपी काढली आणि ओंजळीनं भरू लागला.

"सयाजी! चोर हाय त्यो!" ऑफिसच्या खिडकीतून मॅनेजर ओरडला. "टोपी रिकामी कर त्येची!"

सयाजीची मान खाली गेली. "वत खाली, गड्या. माझ्या भाकरीचा सवाल हाय."

"आयुष्य सरहद्दीवर घातलं, कुनी चोर म्हनलं न्हाई. डुकराच्या घासासाठी म्हनतोस?"

नाथाजीनं टोपी उलटी केली. झटकली मात्र नाही. तशीच डोक्यावर चढवली आणि एसटी गाठली.

"आवं, पोतं रिकामंच?" दारात बायको, चंद्राबाई.

"डुकरास्नी लागतीया म्हनं."

"मग आपल्या नातीला डुक्कर म्हनून तरी घ्या म्हनावं! पोटाला तरी मिळंल!"

आत पोर रडून रडून घोगरी झाली होती. चंद्राबाई चरवी घेऊन म्हशीखाली बसली. थेंब नाही. पुन्हा ओढलं. म्हशीनं लाथ झाडली.

नाथाजीनं डोक्यावरची टोपी काढली आणि उलटी करून घमेल्यात ठेवली. म्हशीनं ती हुंगली. आतल्या शिवणीत पेंडीचा भुगा अडकला होता. तिनं जीभ फिरवली.

चर्र करून पहिली धार चरवीत वाजली.

"आज फसली," चंद्राबाई खालमानेनं म्हणाली. "उंद्या?"

नाथाजी बोडक्या डोक्यानं उभा होता. म्हैस टोपी चाटत होती.