ताई, पाय

दुकानात सगळे तिला ताईच म्हणत. बॅगा, छत्र्या आणि पाकिटं विकणाऱ्या त्या दुकानाच्या गल्ल्यावर ती अकरा वर्षं बसत होती. एकदा पाहिलेला चेहरा आपण विसरत नाही, ही शेखी तिने इतक्यांदा मिरवली होती की मालकांनाही ती खरी वाटायला लागली होती. "छत्री विसरून गेलेल्या माणसाला मी नुसत्या पाठीवरून ओळखते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

मग गेल्या महिन्यात टाय लावलेला एक गृहस्थ आला, तिच्या अक्षराचं तोंडभर कौतुक केलं आणि चोरीच्या कार्डावर तीन महागड्या बॅगा घेऊन गेला. मालकांनी सगळ्यांसमोर तिची हजेरी घेतली. "तुम्ही चेहरे वाचता ना ताई? मग हा कुठल्या लिपीतला होता?" वर बजावलं, की पुन्हा असं झालं तर गल्ल्यावर दुसरं कोणीतरी बसेल. त्याच दिवशी काउंटरवर कागद चिकटला: कार्डाने पैसे देणाऱ्यांनी फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं.

ताई तेव्हापासून डोळ्यांत तेल घालून बसू लागली. नियम सगळ्यांना होता, पण ताई माणूस बघून लावायची. आणि गंमत अशी, की गंडवून गेला टायवाला, पण ताईला संशय यायचा तो टाचा झिजलेल्या चपलांचा. टाय दिसला की तिच्याच्याने अजूनही विचारवत नसे.

शनिवारी दुपारी गल्ल्यासमोर ही मोठी रांग. दोन बायका नुसतं कार्ड देऊन, हसून गेल्या. त्यांच्यामागे एक बाई होती, चापूनचोपून बसवलेले केस, इस्त्रीचे कपडे, आणि सोबत कॉलेजच्या वयाची मुलगी. त्यांनी चाकांची निळी बॅग काउंटरवर ठेवली. बाईने पाकिटातून कार्ड काढलं. अजून त्यावरचा प्लॅस्टिकचा कागदही निघाला नव्हता. ते तिने जपून, दोन्ही हातांनी पुढे केलं. ताईने तेवढंच पाहिलं. आणि हात. खरखरीत, नखांच्या कडा चिरलेले.

"फोटो असलेलं ओळखपत्र दाखवा," ताई म्हणाली.

बाई गोंधळून हसली. "अहो ताई, मी..."

"मी वगैरे काही नाही. कार्ड तुमचंच आहे कशावरून? मागे लोक खोळंबलेत."

रांगेत कोणीतरी च्यक् केलं. मुलीने आईकडे पाहिलं आणि हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आई, तू तर म्हणालीस ताई तुला चांगलं ओळखतात. म्हणून तर इथून घ्यायची होती ना बॅग?"

"अगं, आज कामाचे कपडे नाहीत ना अंगावर," बाई घाईघाईने म्हणाली, "आणि केसही असे कधी बांधते मी? त्यांची काय चूक." मग ताईकडे वळली. "आधार कार्ड घरी राहिलं बघा. हे चालेल का?"

तिने पुढे केलं ते याच दुकानाचं ओळखपत्र होतं. कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं ताईच बनवायची. हा फोटो तिनेच कापला होता, घाईत एक कोपरा तिरका गेला होता, आणि खाली तिचीच सही होती, त्या टायवाल्याने वाखाणलेल्या अक्षरात.

चार वर्षं रोज सकाळी ही बाई काउंटरखालची फरशी पुसायला येई आणि म्हणे, "ताई, पाय." ताई पाय उचले. नजर बिलाच्या मशीनवरून काही उचलत नसे.

"अगंबाई, तुम्ही होय!" ताई हसायला गेली, पण ते हसू तिचं तिलाच खोटं वाटलं. "चालेल. चालेल म्हणजे काय..."

"नर्सिंगला नंबर लागलाय हिचा. संध्याकाळची गाडी आहे," बाई म्हणाली. पावती घेतली, दोनदा थँक्यू म्हणाली. दाराशी पोहोचल्यावर मुलीने बॅग आईच्या हातातून काढून घेतली आणि मागे वळून ताईकडे एकदा सरळ पाहिलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ताईला झालं.

रविवारी सुट्टी होती. ताईने दिवसभर मनात माफीची घोकंपट्टी केली. सुरुवात नाव घेऊन करायची, हे पक्कं ठरलं. आणि तिथेच गाडं अडलं. ओळखपत्रावर तिने फोटो पाहिला होता, तिरका कोपरा पाहिला होता, स्वतःची सही पाहिली होती. नाव वाचलंच नव्हतं. बँकेच्या कार्डावरचंही नाही. आणि ओळखपत्र मागायचं ते तर दोन्हीकडचं नाव ताडून बघायलाच. स्वतःचीच तिला इतकी लाज वाटली की रात्री जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी काउंटरखाली मॉप फिरला. "ताई, पाय."

ताई उठून उभीच राहिली. बाई दचकली. आता कामाचे कपडे होते, केस फडक्यात बांधलेले होते. डाव्या भुवईवर जुनी खूण होती. ताई ती पहिल्यांदा बघत होती.

पाठ केलेलं पहिलं वाक्यच नावाने सुरू होत होतं. "तुमचं नाव काय हो?" एवढंच ताईच्या तोंडून निघालं.

बाईचा चेहरा उतरला. तिने मॉप बादलीला टेकवून ठेवला, दोन्ही हात कपड्याला पुसून कोरडे केले आणि कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी काढून ताईसमोर धरली. आत दुकानाचं ओळखपत्र होतं, आणि त्याच्याखाली अजून एक.

"घरचं पण आणलंय ताई," ती म्हणाली. "आता रोज जवळच ठेवते."