सकाळी की संध्याकाळी?

शनिवार म्हणजे इशबेलची नुसती धांदल. सकाळी जुने पाहुणे बाहेर, दुपारी नवे आत, आणि मधल्या वेळात भाड्याने दिलेल्या तिन्ही कॉटेजांच्या चादरी, संडास, शेकोटीतली राख. पाहुण्यांची नि तिची गाठ क्वचितच पडे. किल्ली दाराशेजारच्या, आकडे जुळवून उघडायच्या डबीत असायची. आले, घेतली, निघाले, ठेवली. इशबेलला ते बरंच होतं. माणसांपेक्षा त्यांच्या चादरी परवडल्या, त्या धुता तरी येतात.

ऑगस्ट संपता संपता खालच्या कॉटेजमधून एका डच बाईंचा फोन आला. नळ, हीटर, सगळं ठीक होतं.

"तुमच्या घरातल्या बाई दारातल्या लाल फळांच्या रोवनच्या झाडाखाली उभ्या होत्या. आम्ही गुड मॉर्निंग म्हटलं, तर हूं नाही की चूं नाही. रागावल्यात का आमच्यावर?"

इशबेल त्या बाजूला फिरकलीही नव्हती. घरात दुसरी बाई म्हणजे तिची सासू एफी, आणि एफी तर अर्धांगाचा झटका आल्यापासून खाटेवरून उठली नव्हती. इशबेलने घाईघाईने विचारलं,

"सकाळीच पाहिलंत ना? नक्की सकाळी?"

"हो. नाश्त्याच्या वेळी."

तिचा जीव भांड्यात पडला. तिच्या डोंगराळ खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की जिवंत माणसाचं रूप भलतीकडे दिसलं तर आधी वेळ विचारायची. सकाळी दिसलं तर उदंड आयुष्य. संध्याकाळी दिसलं तर सुताराला शवपेटीचं माप देऊन ठेवावं.

एफीला सांगितलं तेव्हा तिचं अर्धंच तोंड हललं, पण टोमणा तेवढ्यातही मावला. "घे! आता वीस वर्षं माझं हगणं-मुतणं काढ."

"काढीन की, आई. तुम्ही फक्त सूप थुंकू नका."

नवरा कॅनडात दुसरीबरोबर नांदायला गेला, तेव्हा एफीने पोटच्या पोराला दार बंद केलं आणि सुनेला घर दिलं होतं. इशबेलला आपलं म्हणावं असं माणूस जगात ते एकच.

सप्टेंबरात डोंगर तांबूस झाला. धुकं दुपारपर्यंत हलेना, आणि त्यात कुठेतरी नर हरणं डुरकायला लागली. लीड्सच्या एका शिक्षिकेने फोनवर कुरकुर केली, की तुमच्याकडची बाई खिडकीला नाक लावून आत बघते. कधी? दुपारी, जेवणं झाल्यावर.

"दुपारचं काय धरायचं?" एफीने विचारलं.

"दुपारचं काही नसतं, आई."

"असतं. दिवस कलायला लागलाय."

त्या दिवसापासून इशबेल चहा झाला की सासूच्या उशाशी बसू लागली. काळोख पडेपर्यंत तिचा हात सोडायची नाही. "कुठे भटकायला जायचं नाही हं," असं दटावायची आणि स्वतःच घाबरायची. मूर्खपणा आहे हे तिला कळत होतं. तरी ती बसायची.

पुढच्या शनिवारी ती चादरी घेऊन खाली गेली, तर ॲबर्डीनचे गेडिस नावाचे गृहस्थ अजून दारातच होते. बायकोचा हातमोजा सापडत नव्हता. इशबेलला बघून ते हसले.

"काय हो बाई! काल संध्याकाळी एवढा हात केला, तर ओळखसुद्धा नाही?"

"कोणाला हात केलात?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न तिने पहिल्यांदाच विचारला. वेळ कळली की सगळं कळलं, असंच त्या खोऱ्यात सगळे धरून चालतात.

"कोणाला म्हणजे? तुम्हालाच! या झाडाखाली. हाच चेहरा, हनुवटीवरचा हाच व्रण. पावसात भिजत उभ्या होतात. ही म्हणाली, चहाला बोलवा. दार उघडतोय तोवर तुम्ही गेलात."

"संध्याकाळी?"

"दिवे लागले होते की."

इशबेलने चादरी बदलल्या, राख काढली, नव्या पाहुण्यांसाठी शेकोटी रचली. हात आपोआप चालत होते. मग ती घरी आली.

"काय म्हणाले पाहुणे?" एफीने विचारलं. मग न राहवून, "दिसले का मी पुन्हा?"

"दिसलात."

एफीच्या चांगल्या हाताने पांघरूण घट्ट धरलं. "सकाळी की संध्याकाळी?"

"सकाळी, आई. लख्ख उजाडलं होतं."

म्हातारीने डोळे मिटले. एका बाजूने पाणी ओघळलं. "मरणाचं भय नव्हतं गं पोरी. तुला एकटीला टाकून जायचं होतं, त्याचं होतं."

इशबेलने तिचं तोंड पुसलं, उशी नीट केली आणि स्वयंपाकघरात जाऊन दार ओढून घेतलं. मग तिने इन्व्हरनेसला नणंदेला फोन लावला.

"ऊना, आजच निघ. आईंना कुशीवर कसं वळवायचं, गोळ्या कशात कुस्करायच्या, सगळं शिकवते तुला."

"अगं, पण का? तू कुठे चाललीस?"

बाहेर अजून पुरता उजेड होता.

"तू ये तर खरी," इशबेल म्हणाली.