रेषेच्या पुढचा उकिरडा

थोरल्या बहिणीनं, महामायाताईनं, नांदेडहून पळालेलं अंतर मोजणारं जीपीएस घड्याळ पाठवलं, तेव्हा ते आपलं कौतुक करायलाच येत आहे अशी प्रीतमची प्रामाणिक समजूत होती. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत तो दोनदा पडला होता आणि वयाच्या हिशेबानं ही शेवटची संधी होती. तरी गावात त्याच्यासारखं पळणारं कुणी नव्हतं. वेशीच्या कमानीपासून पुलाकडच्या पांढऱ्या रेषेपर्यंत सोळाशे मीटर तो असे कापायचा की भरती अकॅडमीचे श्रीमंत नावाचे सर स्टॉपवॉच बघून स्वतःच लाजायचे.

पहिल्याच सकाळी त्यानं बटण दाबलं, पळाला, रेषेवर हात वर केले. घड्याळानं तेराशेऐंशी मीटर दाखवले. सॅटेलाइट नवीन असेल म्हणून तो परत पळाला. सॅटेलाइट शब्दाला पक्कं निघालं.

सरांच्या मते एवढ्या उंचावरून कंधार तालुका नीट दिसणं शक्यच नव्हतं. फार खोदून विचारल्यावर मात्र त्यांनी सांगितलं की रेषा सुरुवातीला सोळाशेवरच होती. मग तिथं माजी सरपंच अण्णारावांचा उकिरडा रस्त्यावर आला. माजी सरपंचांना उकिरडा हलवा म्हणण्यापेक्षा रेषा हलवणं सोपं. पुढच्या साली कडब्याची गंजी आली, रेषा आणखी अलीकडं. मग ट्रॉली, मग म्हशींचा गोठा. दरसाल पोरांचं टायमिंग सुधारत गेलं, म्हणून सरांनी बोर्डावर ‘सातत्यपूर्ण प्रगती’ असं रंगवून घेतलं. पोरं नांदेडला दरसाल पडत, ते तिथल्या हवेमुळं.

दुसऱ्या रस्त्यानं पळायचं तर दुसरा रस्ता मंजूर होता, फक्त झालेला नव्हता. तेव्हा प्रीतम रेषा ओलांडून तसाच पुढं जाऊ लागला. गोठ्यातून म्हशींची माफी मागत, ट्रॉलीखालून वाकून, गंजीला वळसा घालून थेट उकिरड्यात. तिथं गुडघाभर शेणात घड्याळ थरथरायचं आणि अभिनंदन करायचं. बाकीची पोरं रेषेवर बसून हे बघत आणि घड्याळानं माणूस कसा वाया जातो यावर चर्चा करत.

चौथ्या दिवशी अण्णाराव तांब्या घेऊन वाटेतच उभे होते.

“रेषेवर थांबायला काय होतं रे तुला?”

“घड्याळ थांबू देत न्हाई, अण्णा.”

“सगळं गाव सोडून माझ्याच उकिरड्यात कसं संपतंय तुझं पळणं?”

“सॅटेलाइटचं म्हणणं हाय.”

अण्णारावांनी आभाळाकडं बघितलं. निवडणुकीत विरोधी पॅनलकडं बघायचे, तसंच.

“त्याला म्हणावं, समोर येऊन बोल.”

सॅटेलाइट काही आलं नाही. प्रीतम रोज येत राहिला. म्हशींना त्याची सवय झाली, त्याच्या आईला बुटांच्या वासाची झाली नाही.

भरतीच्या दिवशी नांदेडला घड्याळ गेटवरच काढून घेतलं. प्रीतम धरून गावची पाचही पोरं एकाच गटात आली. शिट्टी झाली आणि सगळी वाऱ्यासारखी सुटली. शेवटच्या फेरीत, जिथं कसलीच खूण नव्हती अशा जागी, चौघांनी एकदम जीव खाऊन जोर लावला, छाती पुढं काढली, हात वर केले आणि चालू लागले. पायांना रेषा पाठ होती. प्रीतमच्या पायांना म्हशी पाठ होत्या. तो पळत राहिला आणि पैकीच्या पैकी मार्क घेऊन गेला.

लेखी परीक्षेतही तो निघाला. गावात फ्लेक्स लागला. त्यावर श्रीमंत सर मोठे होते, अण्णाराव मार्गदर्शक म्हणून त्याहून मोठे होते, आणि प्रीतम कोपऱ्यात होता, तोही जुन्या फोटोत.

मग ग्रामसभा बसली. नांदेडचं मैदान लांब आहे, त्यामुळं आपल्या चार पोरांवर अन्याय झाला, असा ठराव एकमतानं झाला. उकिरड्याचा विषय वेळेअभावी पुढं ढकलला. सभा उठल्यावर अण्णारावांनी प्रीतमच्या खांद्यावर हात टाकला.

“आता तू खात्यातला माणूस. तेवढं मैदान जरा अलीकडं घ्यायला सांग की साहेबाला.”

“अर्ज द्या, अण्णा. बघतो.”

नेमणुकीचा हुकूम यायला अजून महिना होता. भाषा मात्र आधीच रुजू झाली होती.