उंटाचा मागचा अर्धा

आमचे हे गेले, आणि चाळीसाव्याचा पुलाव पोटात जिरायच्या आत माझी नणंद होजर दारात उभी. म्हणते, "वहिनी, उंट द्या. माझ्या भावानं केलाय, माहेरचा आहे."

उंट म्हणजे काड्यांच्या सांगाड्यावर लोकरीचा नमदा चढवलेला, आत दोन माणसं मावतील एवढा. आमच्या कोकंद शहरात कलारात्रीला मिरवणूक निघते, तिच्यात दरवर्षी आमच्या मोहल्ल्यातून निघायचा. पुढं होजर, मागं हे. आणि त्याची शेपूट म्हणजे माझी वेणी. तरणी होते तेव्हा तापात केस कापले, ह्यांनी टाकू दिले नाहीत, उंटाला लावले. ती मी हिला द्यायची?

"वन्सं," म्हटलं, "आधी मला न्या, मग उंट."

"तुम्हाला नेऊन बांधू कुठं? आमच्याकडं तबेला नाही."

रोजची भांडणं ऐकून मोहल्ल्याच्या नबीजान आजोबांचे कान किटले. म्हणाले, "यंदा दोघी शिरा आत. मिरवणूक संपल्यावर चौकातून जिच्या गल्लीत उंट वळेल, तिचा उंट."

होजरनं लगेच पुढची जागा धरली. बघायची भोकं तिथंच ना. मला अंधार, नमद्याचा वास आणि वन्संचं ढुंगण. बाहेर राजवाड्याच्या भिंतीवर रंगीत दिवे नाचत होते म्हणे. मला कसले दिसतायत. कर्णे वाजले ते तेवढे कळले, कारण त्या आवाजानं रस्त्याकडेची खरबुजं आपोआप फुटली. एक फोड उडून माझ्या तोंडात आली, म्हणून सांगते.

"पाय उचला की वहिनी, उंट लंगडतोय."

"पुढचा अर्धा वाकडा चालतोय, त्याला मी काय करू."

"भाऊ कसा नीट चालायचा."

"तुमच्या मागं डोळे मिटून चालायचे ते. मला सांगितलंय."

चौक आला. होजर डावीकडं, तिच्या गल्लीकडं वळली. मी टाचा रोवल्या. तिची पोरं मुंडीला लोंबकळली, माझ्या सुनांनी माझी कंबर धरली. ओढाताण अशी की चौकच वीतभर माझ्या बाजूला सरकला. अजून तसाच आहे, जाऊन बघा. मग उंट कुबडापाशी टर्रकन फाटला. लोकांना वाटलं खेळच आहे, टाळ्या पडल्या.

मुंडकं होजरकडं गेलं. जाऊ दे, तिला डोक्याची गरज होतीच. शेपूट माझ्या घरी. रोज तेल लावते.

आजोबांनी उंट जोडून घ्या म्हणून सुईदोरा पाठवला. दोऱ्यानं मी माझी रजई शिवली. सुई होजरनं ठेवून घेतली.

आता कलारात्रीला तिचा अर्धा उंट सगळ्यात पुढं असतो, माझा सगळ्यात मागं. मधे कर्णेवाले, नाचणाऱ्या पोरी, बाहुल्या, अख्खं शहर. एवढा लांब उंट दुनियेत कुणाकडं नसेल. होजर मागं वळून बघत नाही. मी मात्र चौक आला की तिच्या गल्लीकडं पाठ करते आणि शेपूट हलवते.