अठराव्या मजल्यावरचं ऊन

“मनुष्यजातीचा सगळा इतिहास म्हणजे बऱ्या पाण्याच्या आणि बऱ्या पगाराच्या दिशेने केलेली वाटचाल आहे. जो थांबला, तो संपला!”

हे उद्गार जगनरावांनी आंबिवलीच्या आपल्या घरात, पोहे खाताना काढले. ते त्याच घरात जन्मले होते आणि उभ्या हयातीत त्यांनी एकदाच स्थलांतर केलं होतं, पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत. तेही पुढचा पत्रा गळायला लागला म्हणून. गावच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. कारखाना बंद पडला आणि त्यांना सोडून गेला. ते काही आंबिवलीला सोडून गेले नाहीत.

“मग ठाण्याला जायचं ना, मामा?” त्यांच्या सुनेने, वैशालीने संधी साधली.

“मी इतिहासाबद्दल बोलत होतो,” जगनराव म्हणाले. “आपल्याबद्दल नाही.”

वैशाली डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत केमिस्ट होती. ठाण्याच्या एका अन्नतपासणी प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं. दुधात पाणी आहे की पाण्यात दूध, हळदीत हळद कितपत आहे, हे शोधायचं काम. ती शिकली होती हेच. रंग मधेच उपटले होते. पगार चांगला होता, पण पाळी रात्री उशिरा सुटणारी. तिथून आंबिवलीला पोचेपर्यंत परत निघायची वेळ झाली असती. नोकरी धरायची तर राहायला ठाण्यातच जायला हवं होतं, आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

नवरा धम्मपाल लिफ्टची देखभाल करायचा, म्हणजे त्याचं काम ठाण्यातच. आंबिवलीत लिफ्ट मोजक्या, आणि त्या बंद पडल्या की जिना प्रकृतीला चांगला, असं लोकांचं मत व्हायचं.

अडचण भाड्याची होती. आंबिवलीचं घर स्वतःचं, भाजीवाली ओळखीची, गिरणीवाला आधी दळण देणारा आणि मग पैशाचं बघणारा. ठाण्यात वैशालीचा वाढीव पगार पहिल्या तारखेला येणार आणि दुसऱ्या तारखेला घरमालकाकडे जाणार. मधल्या रात्री तिला त्याचं दर्शन तेवढं घडणार. थोडक्यात, आंबिवलीत घर होतं पण काम नव्हतं, ठाण्यात काम होतं पण घर नव्हतं. डोंबिवलीत दोन्ही थोडं थोडं होतं, म्हणून तिथे सगळेच होते.

“तुम्ही दोघं जा खुशाल,” जगनराव म्हणायचे. “मी इथेच बरा.”

“तुम्हाला एकटं ठेवून जाणार नाही,” वैशाली म्हणायची. आणि विषय पुन्हा पोह्यांवर यायचा.

त्यात घर मिळणं ही वेगळी परीक्षा. एजंट आधी आडनाव विचारायचे. ते ऐकलं की फ्लॅट नेमका कालच गेलेला असायचा. त्यातून कुणी पार पडलं, तर मासे खाता का, हा दुसरा पेपर. असे बरेच फ्लॅट काल गेल्यावर सुमित नावाच्या एजंटचा फोन आला. ठाण्यातच बाळकुमला टॉवर, अठरावा मजला, भाडं निम्मं.

“निम्मं का रे?” धम्मपालने विचारलं.

“मालकीण भोळी आहे, भाई. फक्त या टायमाला चान्स नको घेऊ. सरळ बोलायचं, प्युअर व्हेज. कांदासुद्धा डॉक्टरने सांगितला तरच.”

रविवारी तिघं निघाले. जगनराव दोष काढायला आले होते. बाळकुमचा नाका येईस्तोवर त्यांनी रस्त्यात, हवेत आणि टॉवरच्या नावांत भरपूर दोष काढून ठेवले. फ्लॅटमध्ये शिरल्यावर मात्र त्यांना काही सापडेना. घर उन्हाने नुसतं भरलेलं होतं. दोष एकच दिसत होता: बाल्कनीचं दार बंद, त्यावर जाड पडदा आणि पडद्यासमोर सुमित, पाहुण्यासारखा हात बांधून उभा.

मालकीण आवडाबाई जमिनीवर बसल्या होत्या. टॉवर जिथे उभा होता तिथे पूर्वी त्यांची शेती होती. जमिनीच्या बदल्यात त्यांना आणि त्यांच्या मुलाला, काळुरामला, इथले काही फ्लॅट मिळाले, पण दोघं अजून टॉवरच्या पायथ्याशी आपल्या जुन्या घरातच राहत. त्यांनी वैशालीला जवळ बसवलं.

“आडनाव-बिडनाव मी इचारत नाय, पोरी. एकच सांग. सुका म्हावरा खाता का?”

सुमितने पडद्यासमोरून डोळे मोठे केले. जगाची भेसळ पकडायला निघालेल्या वैशालीने मग खाली बघत स्वतःच भेसळ केली.

“नाही हो, आजी. आम्ही शुद्ध शाकाहारी.”

“कांदासुद्धा डॉक्टरने सांगितला तरच,” धम्मपालने पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

आवडाबाईंचा चेहरा उतरला. गुडघ्यावर हात ठेवून त्या उठल्या. “मंग नाय जमाचा. गेल्या येलेचे पन शुद्धच होते. आठवडा नाय टिकले.”

आणि सुमितला बाजूला सारून त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं.

आत वास आला आणि मागोमाग दृश्य. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या, दोऱ्यांवर ओळीने टांगलेले बोंबील, खाली धोतरावर पसरलेला जवळा. पावसाळ्याची बेगमी. खालच्या अंगणात त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं. पण त्यांच्याच जमिनीवर टॉवर उभा राहिला आणि त्याने अंगणाचं ऊन खाल्लं. ऊन अठराव्या मजल्यावर राहायला गेलं. मग आवडाबाई रोज टोपली घेऊन, मालाच्या लिफ्टने, त्याला भेटायला वर येऊ लागल्या. भाडं त्यासाठीच निम्मं होतं. घर भाडेकरूचं, बाल्कनी बोंबलांची.

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वासाने नव्हे.

जगनरावांना आता फक्त गप्प बसायचं होतं. फ्लॅट गेला होता, आंबिवली वाचली होती. काही न करता मनासारखं घडण्याचे प्रसंग माणसाच्या वाट्याला कमी येतात. ते दाराकडे वळलेसुद्धा. पण जाता जाता त्यांची नजर कडेच्या ओळीवर पडली.

“बाई,” ते म्हणाले, “ही ओळ सावलीत गेली. आत्ता सरकवा. आतून ओले राहिले तर श्रावणात अळ्या पडतील.”

आवडाबाई थांबल्या. “शाकाहारी मानसाला हां कसा ठाव?”

“कोण शाकाहारी?” जगनरावांचा आवाज चढला. “आमच्या घराण्यात सुकटीच्या चटणीशिवाय भाकरी घशाखाली उतरलेली नाही! हिच्या लग्नात हिच्या आईने बुंदीच्या डब्यासोबत बोंबलांची पिशवी पाठवली होती. पिशवी आधी संपली!”

“मामा!” वैशाली ओरडली.

“बाबा, अहो,” धम्मपाल म्हणाला, “आपल्याला तर कांदासुद्धा डॉक्टरने सांगावा लागतो ना?”

आवडाबाई आधी हसल्या आणि मग सुमितकडे वळल्या. “मेल्या! चांगल्या खात्या-पित्या मानसांना शाकाहारी करून आनतोस व्हय? आनि मी म्हनतंय, ठान्यान म्हावरा खानारा कोन उरलाच नाय!”

“मावशी, बाकी सगळीकडे तेच चालतं,” सुमित पुटपुटला.

“हितं नाय चालत.” त्यांनी चावी वैशालीच्या हातावर ठेवली, पण सोडली नाही. “एक अडचन हाय. मी लिफ्टने चढतंय-उतरतंय तवर कावले डाव साधतात. दिवसा घरान कोन असतां?”

वैशाली प्रयोगशाळेत, धम्मपाल कुणाच्या तरी लिफ्टमध्ये. दोघांनी एकदमच जगनरावांकडे पाहिलं.

“मी आंबिवली सोडणार नाही,” जगनराव म्हणाले. हात मात्र एव्हाना कडेच्या ओळीतले बोंबील उन्हात सरकवत होते.

“पगार नाय,” आवडाबाई म्हणाल्या. “चटनी रोज. वर्साचे बोंबील तुमचे.”

कारखान्याचं फाटक बंद झाल्यापासून जगनरावांना कुणी कामाचं विचारलं नव्हतं. त्यांनी ओळीतला शेवटचा बोंबील उन्हात सरकवला.

“पाळी किती वाजताची?” त्यांनी विचारलं.

“ऊन येल तवा.”

“पावसाळ्यात मी आंबिवलीला जाणार. घर बघायला पाहिजे.”

“जावा. पावसान ऊन पन रजेवरच असतां.”

चावी सुटली. वैशालीने लगेच फोन काढून प्रयोगशाळेला कळवलं, ‘येते’. सोमवारची वाटसुद्धा पाहिली नाही. मग तिने ओढणी कमरेला खोचली आणि जवळा चाळवायला बसली.

जगनराव कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली खाडी चकाकत होती, पलीकडे डोंगर. त्यांनी घसा साफ केला.

“वैशाली, धम्मपाल, ऐका. माणसाने कुठे राहावं हे भाड्यावर ठरत नसतं आणि पगारावरही ठरत नसतं. ज्या भूमीवर आपल्या हाताला काम आणि आपल्या ताटाला मान मिळतो, तीच—”

“दादा,” आवडाबाईंनी त्यांच्या हातात काठी दिली, “तां नंतर सांगा. आदी तो कावला हाकला.”