माझ्यावर लिहिलं नव्हतं ते

परीक्षेला तुम्ही पॅड नेता ना, मित्रांनो? तसलीच एक फळी मी, फक्त वयाने बरीच मोठी. चिमटा गंजलाय, कोपरे झिजलेत आणि डोकं आताशा लवकर तापतं. जपानमधल्या एका लहान गावात, सात घरांच्या गल्लीतून मी सूचना घेऊन फिरते. माझ्या पाठीवर नियम लिहिलेत: वाचल्याचा म्हणून आपल्या नावाचा शिक्का मारावा आणि फळी शेजाऱ्याच्या हातात द्यावी. अठ्ठावीस वर्षं फिरतेय. पावसात भिजले, एकदा कुत्रा चावला, तरी एकही सूचना हरवू दिली नाही. पूर्वी लोक मला फडक्याने पुसायचे. आता दाराच्या मुठीला लटकवतात आणि सटकतात.

पाचव्या घरच्या किरिहारा शिझुनोसान ('सान' म्हणजे तुमच्याकडचं 'जी') मात्र घंटी वाजवून मला हातातच देतात. त्यांना ऑटिझम आहे. गल्लीत राहायला आल्या त्याच दिवशी त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं की मला आडून बोललेलं कळत नाही, सरळ सांगा, मला राग येणार नाही. सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. ऐकलं मात्र एकानेही नाही.

गेल्या वर्षी माझ्यावर कागद लागला: रविवारी गटार सफाई, सहभाग ऐच्छिक. आता ऐच्छिक असलं तरी अंगात ताप घेऊनही फावडं उचलायचं, ही इथली रीत. ती माझ्यावर कुठेच लिहिलेली नव्हती. शिझुनोसाननी 'येणार नाही' असं लिहिलं, वर कारणही दिलं: सगळे एकदम बोलायला लागले की मला त्रास होतो, म्हणून माझ्या वाटणीचं गटार मी शनिवारीच साफ करीन. आणि केलंही, शेजारच्या दोन घरांसमोरचंसुद्धा! तरी रविवारी कुजबूज झालीच. तोंडावर मात्र सगळे गोड. "बरं झालं हो, तुम्हाला विश्रांती मिळाली," असा टोमणा एकीने मारला, तर शिझुनोसाननी तिचे मनापासून आभार मानले. मला इतका संताप आला म्हणून सांगू!

खरा घाव पुढेच होता. गल्लीचं प्रमुखपद दरवर्षी घरामागून घर फिरतं. यंदा पाळी पाचव्या घराची. शिझुनोसाननी महिनाभर आधी वही आणून वर्षाच्या सगळ्या कामांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. आणि जुने प्रमुख नागोशीसान यांनी माझ्यावर काय लावावं? 'किरिहारासान कामात असतात. त्यांना तसदी नको, पाळी सहाव्या घराला द्यावी.' धडधडीत खोटं, आणि तेही माझ्याच छातीवर.

चार घरांनी निमूट शिक्के मारले. शिझुनोसाननी तो कागद तीनदा वाचला. मग खाली लिहिलं, 'मी कामात नसते. मला ही पाळी हवी आहे.' पुढच्या दोन घरांनी तेही वाचलं, शिक्का मारला आणि मला पुढे ढकललं. एक अक्षर लिहायला कोणाचं काय जात होतं?

मी नागोशीसानकडे परत पोचले, तशा शिझुनोसान त्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"सगळ्यांचे शिक्के आहेत. म्हणजे सगळ्यांना मान्य आहे," नागोशीसान म्हणाले.

"शिक्का म्हणजे वाचलं. पाठीवर तसंच लिहिलंय. 'मान्य' असं कोणी लिहिलेलं नाही. मी तर 'हवी' लिहिलंय. मग ठरलं कसं?"

"अहो, ते समजून घ्यायचं असतं."

"मला ते समजत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

नागोशीसान आपल्या चपलांकडे बघत राहिले. बराच वेळ.

"तुम्ही गप्प आहात," शिझुनोसान म्हणाल्या. "याचा अर्थ मला कळत नाही. सांगाल का?"

"याचा अर्थ," ते हळूच म्हणाले, "मला लाज वाटतेय."

"आता कळलं." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि नागोशीसाननी मला त्या हातांत दिलं.

या रविवारची सूचना नव्या प्रमुखांच्या, म्हणजे शिझुनोसानच्या अक्षरात आहे: 'गटार सफाई. सर्वांनी यावं अशी अपेक्षा आहे. जमत नसेल तर तसं लिहा.' खाली तीन घरांनी 'जमत नाही' लिहिलंय. त्यातलं एक नागोशीसानचं. त्यांचे गुडघे म्हणे नऊ वर्षांपासून दुखतायत!

मित्रांनो, माझा चिमटा अजून घट्ट आहे. मनात असेल ते माझ्यावर लिहीत जा.