पाचव्या मजल्यावरचा खून

"भाचा," बायको म्हणाली. "खून भाच्यानंच केलाय. लिहून ठेवा."

तिला आपली नवी कथा वाचून दाखवणाऱ्या मिस्त्रींना हसू आवरेना. चेहरा लपवायची गरज नव्हती. काचबिंदूनं तिची नजर जाऊन दीड वर्ष झालं होतं. लपवायचा होता तो आवाज. "बघू," ते जमेल तितक्या रुक्षपणे म्हणाले.

चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झाल्यावर मिस्त्रींना रहस्यकथा लिहायचं खूळ लागलं. अकरा कथा मासिकात छापून आल्या आणि अकराही वेळा बायकोनं निम्म्या वाटेतच खुनी पकडला. कसा, तेही तिनं एकदा सांगून टाकलं. "अहो, बाकीचे उभ्याउभ्या बोलतात. खुनी आला की तुम्ही त्याला खुर्ची देता. जीव जडतो तुमचा त्याच्यावर!"

ते त्यांच्या जिव्हारी लागलं. वाचक काही का म्हणेनात, हिला एकदा तरी चकवायचं, एवढाच ध्यास त्यांनी घेतला. बाराव्या कथेत खुर्ची मुद्दाम भाच्याला दिली.

"वाचा ना पुढं."

कथेतला म्हातारा पाचव्या मजल्यावर मरून पडला होता. लिफ्ट सकाळपासून बंद. भाच्यानं फोन केला आणि पाच जिने चढून लठ्ठ डॉक्टर दारात आले. आल्याआल्या काय करा, काय करू नका, हे त्यांनी एका दमात सांगितलं. ते वाक्य वाचता वाचता मिस्त्रींनाच धाप लागली.

"केवढं हो ते वाक्य!" बायको हसली. "वय झालं आता. थांबत थांबत वाचा."

मिस्त्री पुढं वाचत गेले. शेवटचं पान आलं. तिथं इन्स्पेक्टर म्हणत होता, "डॉक्टर, पाच जिने चढून आलेला माणूस आधी श्वास घेतो, मग बोलतो. तुम्ही खालून आलाच नव्हतात. तुम्ही वरच होतात."

मिस्त्रींनी कागद खाली ठेवले.

"अगं, बोल की. लबाडी वाटली का?"

"गप्प बसा. डॉक्टर येतात ते पान परत वाचा."

त्यांनी वाचलं. पुन्हा तिथंच दम तुटला.

"डोळ्यांदेखत ठेवलंत की हो!" ती ताठ उठून बसली. "आणि मी म्हणते, तुमचं वय झालं. सुचलं कसं तुम्हाला?"

"लिफ्ट बंद पडली की मी वरच्या मशीनपाशी, आणि लोक जिने चढून येऊन मला शिव्या घालायचे. पाचव्या मजल्यावर शिवीसुद्धा अर्धीच निघते गं."

ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग चाचपडत फोन घेतला आणि सवयीनं बटणं दाबून थोरल्या बहिणीला लावला.

"ताई, आज यांनी मला फसवलं. नाही गं, काळजीचं काही नाही. असं फसवलं, की मला कळलंसुद्धा नाही! आमच्या घरात लेखक आहे हो, लेखक."

मिस्त्रींना आयुष्यात इतका अभिमान कधी वाटला नव्हता. घरात त्यांच्याकडे बघणारं कोणी नव्हतं. तरी ते उठून उभे राहिले आणि त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.